प्रश्न तुमचे: झाडांचा कारभारी निवडून कसा येतो?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं शहर नव्हे, पॅसिफिकच्या काठावरचं सिएटलचं राज्य) सरकारी जमिनींचा प्रमुख थेट जनता निवडते. ‘कमिशनर ऑफ पब्लिक लँड्स’ हे त्याचं पद. आपण जमीन आयुक्त म्हणू. २०२४ साली या पदाच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवारात १९ लाखांपैकी अवघ्या ४९ मतांचं अंतर पडलं. त्या बातमीनंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

आपल्या पुण्यातले जमाबंदी आयुक्त आणि हे जमीन आयुक्त, पद एकच का? (वाचक, सातारा)

नाव तेवढं जुळतं. आपले जमाबंदी आयुक्त हे सनदी अधिकारी. सरकार त्यांना नेमतं आणि सरकारच बदलतं. त्यांच्याकडे मोजणी, नकाशे, सातबारा. वॉशिंग्टनचा जमीन आयुक्त सातबारा सांभाळत नाही, तो जमीन कसतो. झाडं विकतो, शेतजमीन आणि कुरणं भाड्याने देतो, समुद्रतळ आणि नदीपात्र भाडेपट्ट्याने देतो.

राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याचा तो प्रमुख. हे खातं १९५७ साली उभं राहिलं. पद मात्र राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १८८९ पासून घटनेत आहे. खात्याच्या ताब्यात सुमारे ५६ लाख एकर आहे. त्यातली साधारण ३० लाख एकर कोरडी जमीन आणि २६ लाख एकर पाण्याखालची. कोरड्यातली २१ लाखांच्या आसपास जंगलाची.

शिवाय आणखी दोन टोप्या त्याच डोक्यावर असतात. खासगी जंगलात तोडीचे नियम ठरवणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्ष. आणि राज्यातल्या सुमारे १.३ कोटी एकर खासगी व सरकारी रानाच्या वणव्यांसाठी अग्निशमन प्रमुखही तोच. म्हणजे सरकारी झाडं विकणारा, दुसऱ्याच्या झाडांवर नियम लावणारा आणि दोघांची आग विझवणारा माणूस एकच. निवडणुकीतली निम्मी भांडणं इथूनच निघतात.

तुलना करायचीच तर महसूलमंत्र्यांचा एक तुकडा, वनविकास महामंडळ आणि वनखात्याचा वणवा विभाग एकत्र करा आणि तो माणूस चार वर्षांसाठी लोकांतून निवडा. मुख्यमंत्र्याला, म्हणजे तिथल्या गव्हर्नरला, त्याला काढता येत नाही. गव्हर्नर एका पक्षाचा आणि जमीन आयुक्त दुसऱ्या, असं तिथे पूर्वी अनेक वर्षं चाललं.

झाडं विकून शाळा बांधतात असं वाचलं. हा काय प्रकार आहे? (शिक्षिका, चिपळूण)

खरं आहे, आणि हे समजलं की बाकीचं राजकारण आपोआप उलगडतं. अमेरिकेत जमीन मोजताना ६ मैल लांब, ६ मैल रुंद चौकोन पाडत. एका चौकोनाचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. १८८९ साली वॉशिंग्टनला राज्याचा दर्जा देताना केंद्राने प्रत्येक चौकोनातले १६ आणि ३६ क्रमांकाचे तुकडे शाळांसाठी दिले. दोन तुकडे, १,२८० एकर. विद्यापीठं, तुरुंग, राजधानीच्या इमारती यांसाठी वेगळी जमीन दिली.

ही जमीन राज्याची मालमत्ता नाही, ठेव आहे. देवस्थान इनामाची जमीन आठवा. वहिवाटदार पीक घेतो, पण उत्पन्न देवाचं. इथे देवाच्या जागी शाळा आणि वहिवाटदाराच्या जागी जमीन आयुक्त. उत्पन्नातून खात्याचा व्यवस्थापन खर्च वजा होतो आणि उरलेलं ज्याच्या नावची जमीन त्याला जातं. शाळांचा वाटा १९६० च्या दशकापासून शिक्षकांच्या पगाराला नाही, इमारतींच्या बांधकामाला जातो.

आणखी एक वर्ग आहे, जो बाहेरच्यांच्या नजरेतून सुटतो. १९२०-३० च्या दशकांत लाकूड कंपन्यांनी जंगल साफ केलं, उघडी जमीन कर न भरता सोडून दिली आणि ती जिल्ह्यांकडे आली. जिल्ह्यांनी ती राज्याच्या हवाली केली. आज तिथे पुन्हा जंगल उभं आहे आणि त्याची कमाई जिल्हा, तिथलं ग्रंथालय, अग्निशमन केंद्र यांना मिळते. लहानशा जिल्ह्यात ग्रंथालयाच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचं भवितव्य एका तोडीवर असू शकतं. म्हणून ‘झाड वाचवा’ म्हणणारा उमेदवार सिएटलमध्ये टाळ्या घेतो आणि त्याच वाक्यावर दोन तासांच्या अंतरावर शिव्या खातो.

ठेव म्हणजे जास्तीत जास्त पैसा मिळवलाच पाहिजे, असं बंधन आहे का? (वकील, नागपूर)

चाळीसेक वर्षं तसंच मानलं गेलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी लाकडाचे भाव चढे होते. कंपन्यांनी उभ्या झाडांना भरमसाट बोली लावली. नंतर भाव कोसळले आणि करार अंगावर आले. विधिमंडळाने १९८२ साली कायदा करून कंपन्यांना करारातून सुटका दिली. स्कमेनिया जिल्हा कोर्टात गेला आणि १९८४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. विश्वस्ताची निष्ठा लाभार्थ्यांशी, कंपन्यांशी नाही, हा मुद्दा. तेव्हापासून प्रत्येक आयुक्ताच्या तोंडी ‘स्कमेनिया’ असायचंच. झाडं का तोडता, या प्रश्नाचं तयार उत्तर.

२०२२ साली त्याच न्यायालयाने गाठ सैल केली. पर्यावरण संस्थांनी जमीन आयुक्तांवर खटला भरला होता. राज्यघटनेत ही जमीन ‘सर्व लोकांसाठी’ ठेव आहे असे शब्द आहेत, त्यामुळे तोड कमी करणं राज्याला बंधनकारकच आहे, असं त्यांचं म्हणणं. ते न्यायालयाने मानलं नाही. पण कमाल उत्पन्न मिळवलंच पाहिजे असंही नाही, असं स्पष्ट केलं. खटला संस्था हरल्या, पण हवी ती वाट मोकळी झाली. निर्णय आयुक्त आणि नैसर्गिक संपत्ती मंडळाच्या विवेकावर आला, आणि २०२४ ची निवडणूक या विवेकाचीच झाली.

एक खबरदारी सांगतो. आयुक्त एकटा हुकूम काढू शकत नाही. सहा जणांचं नैसर्गिक संपत्ती मंडळ आहे: आयुक्त, गव्हर्नर किंवा त्यांचा प्रतिनिधी, राज्याच्या शालेय शिक्षणाचा निवडून आलेला प्रमुख, दोन सरकारी विद्यापीठांच्या संबंधित शाखांचे प्रमुख आणि जिल्ह्यांचा एक प्रतिनिधी. झाडांच्या विक्रीला मंजुरी हे मंडळ देतं.

२०२४ मध्ये ४९ मतांचा काय घोळ झाला? बहुमत असूनही एक पक्ष बाहेर पडायला आला होता म्हणे. (वाचक, कोल्हापूर)

घोळ म्हणण्यासारखं काही नव्हतं, ती मतविभागणी होती. तुम्हा कोल्हापूरकरांना वेगळी समजवायला नको.

वॉशिंग्टनमध्ये पक्ष तिकीट देत नाही. आपला एबी फॉर्म तिथे नाही. उमेदवार स्वतःच लिहून देतो की ‘मला अमुक पक्ष पसंत आहे’, आणि मतपत्रिकेवर तेच छापलं जातं. ऑगस्टमध्ये सगळे एकाच मतपत्रिकेवर येतात. पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २००८ पासून ही पद्धत चालू आहे.

२०२४ ला सात उमेदवार होते. दोन रिपब्लिकन: जेमी हरेरा ब्युटलर आणि स्यू क्यूल पेडरसन. पाच डेमोक्रॅट. डेमोक्रॅट पक्षाची एकूण मतं निम्म्याहून कितीतरी जास्त, पण पाच जणांत वाटली गेली. हरेरा ब्युटलर २२ टक्क्यांच्या आसपास घेऊन पहिल्या आल्या. दुसऱ्या जागेसाठी डेमोक्रॅट डेव्ह अपथग्रोव्ह आणि क्यूल पेडरसन या दोघांची टक्केवारी सारखीच निघाली: २०.८२. मोजणी संपली तेव्हा अपथग्रोव्ह ५१ मतांनी पुढे होते.

ते मागे राहिले असते तर डेमोक्रॅट राज्यात अंतिम फेरी दोन रिपब्लिकनांत रंगली असती. हे कल्पनेतलं नाही. २०१६ साली खजिनदार पदाला अगदी असंच झालं होतं. तीन डेमोक्रॅट एकमेकांची मतं खात बसले, दोन रिपब्लिकन पुढे गेले आणि डुएन डेव्हिडसन खजिनदार झाले. आठ वर्षांत पक्ष काहीच शिकला नाही. तिकीट देण्याची सोय नसली तरी चार जणांना घरी बसवण्याची सोय प्रत्येक पक्षाकडे असते. ती वापरायची हिंमत लागते.

मग फेरमोजणी कशी झाली? हाताने १९ लाख मतं मोजतात? (निवडणूक कामाचा अनुभव असलेले वाचक, धुळे)

हो, हाताने. नियम असा. राज्यभरच्या निवडणुकीत अंतर २,००० मतांपेक्षा कमी आणि अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी असेल तर यंत्राने फेरमोजणी. अंतर १,००० पेक्षा कमी आणि पाव टक्क्यापेक्षाही कमी असेल तर थेट हाताने. कोणाला अर्ज करावा लागत नाही, पैसे भरावे लागत नाहीत. ५१ मतं म्हटल्यावर ३९ जिल्ह्यांना गोदामं उघडावी लागली.

मुळात मतदान टपालाने होतं. मतपत्रिका मतदानाच्या १८ दिवस आधी घरी येते. भरून पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची आणि एक तर टपालात किंवा रात्री आठच्या आत चौकातल्या मतपेटीत टाकायची. टपालाचा शिक्का निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा हवा. इथे बरीच मतं वाया जातात. संध्याकाळी पेटीत पत्र टाकलं, पोस्टाने शिक्का दुसऱ्या दिवशीचा मारला, मत बाद. चौकातली सरकारी मतपेटी त्यापेक्षा केव्हाही बरी.

दुसरी गळती सहीची. पाकिटावरची सही नोंदणीच्या सहीशी ताडून पाहतात. तरुण मतदारांची गोची इथेच होते. वाहन परवान्यासाठी छोट्या पडद्यावर केलेली सही आणि कागदावर पेनाने केलेली सही, दोन्हींचं नातं ओळखू येत नाही. सही जुळली नाही तर कार्यालय पत्र पाठवतं आणि निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती दुरुस्त करता येते. प्राथमिक फेरीत जिल्हे १४ व्या दिवशी निकाल प्रमाणित करतात, म्हणजे हातात तेराच दिवस. अडकलेल्या पाकिटांची यादी मागता येते आणि चुरस असली की कार्यकर्ते ती घेऊन दारोदार फिरतात. ‘तुमचं मत पडलेलं नाही, इथे सही करा.’ पन्नास मतांच्या निवडणुकीत हा प्रचार भाषणांपेक्षा मोलाचा.

फेरमोजणीत मात्र बाद पाकिटं पुन्हा उघडत नाहीत. आधी मोजलेली मतंच पुन्हा मोजतात. पत्रिका मतदान केंद्रांनुसार लावायच्या, किमान दोघांच्या जोडीने उमेदवारांनुसार ढीग करायचे, प्रत्येकाने स्वतंत्र मोजायचं आणि दोघांचा आकडा जुळला तरच पुढे जायचं. पक्षांचे निरीक्षक पाहू शकतात, हात लावू शकत नाहीत. तुम्ही मोजणीच्या टेबलावर बसला असाल तर ओळखाल, चूक ढिगात होते, आकड्यात नाही. दोन पत्रिका चिकटतात. कुणी गोल भरण्याऐवजी नावाखाली रेघ मारलेली असते. यंत्र ती सोडतं, माणसाला हेतू दिसतो. एवढ्या प्रचंड खटाटोपानंतर ५१ चं अंतर ४९ झालं, बस्स. राज्यभरात दोन मतांचा निव्वळ फरक म्हणजे पहिली मोजणी फार नेटकी झाली होती.

घाई होती ती वेगळ्याच कारणाने. परदेशातल्या आणि लष्करातल्या मतदारांना पत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी पाठवाव्याच लागतात. नोव्हेंबर ५ ची निवडणूक, म्हणजे सप्टेंबर २१. फेरमोजणी, मग छपाई, मग पाकिटं. निकाल सप्टेंबरच्या सुरुवातीला लागला म्हणून जमलं.

अशीच कसरत या राज्याने २००४ ला गव्हर्नरपदासाठी केली होती. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे, यंत्राच्या फेरमोजणीत ४२ ने पुढे, हाताच्या मोजणीत डेमोक्रॅट क्रिस्टीन ग्रेगॉयर १२९ ने पुढे. त्या वेळी एकट्या किंग जिल्ह्यात (सिएटलच्या) चुकीने बाद झालेली पाचशेहून अधिक पाकिटं सापडली. बऱ्याच मतदारांच्या सह्या संगणकात चढवलेल्याच नव्हत्या. आजचे बरेच काटेकोर नियम त्या मोजणीची देणगी आहेत.

आजवर कोण कोण आयुक्त झाले आणि कशामुळे पडले? (राज्यशास्त्राचे विद्यार्थी, औरंगाबादहून दोन पत्रं)

सगळी वंशावळ देत नाही, १९५७ पासूनची कामाची आहे.

बर्ट कोल, डेमोक्रॅट. १९५६ ला निवडून आले आणि सलग सहा वेळा, म्हणजे २४ वर्षं बसले. मुदतीची मर्यादा या पदाला नाही. त्यांचा काळ लाकडाचा सुकाळ. ऑक्टोबर १९६२ च्या वादळाने अफाट झाडं पाडली, पडलेलं लाकूड सडण्याआधी विकायला हवं होतं आणि जपानने ते घेतलं. तिथून ओंडक्यांची निर्यात फोफावली. १९६८ ला सरकारी लाकूड राज्यातच कापलं जावं म्हणून जनमताचा प्रस्ताव आला, तो पडला. पुढे १९९० च्या केंद्रीय कायद्याने सरकारी जमिनीवरच्या कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद झाली. कोल १९८० ला हरले. रेगनच्या लाटेचं ते वर्ष, पण २४ वर्षांचा कंटाळाही असतोच.

ब्रायन बॉयल, रिपब्लिकन, १९८१ ते १९९३. त्यांच्या काळात, १९८७ ला, लाकूड कंपन्या, आदिवासी जमाती, पर्यावरणवाले आणि सरकार यांनी एकत्र बसून खासगी जंगलाचा समझोता केला. कोर्टाबाहेर एवढे पक्ष बसू शकतात हे त्याने दाखवलं.

जेनिफर बेल्चर, डेमोक्रॅट, पहिल्या महिला आयुक्त, १९९३ ते २००१. ठिपकेदार घुबडाला संरक्षण मिळाल्यावर प्रत्येक तोड कोर्टात अडकायला लागली होती. १९९७ ला त्यांच्या खात्याने केंद्राशी ७० वर्षांचा अधिवास करार केला. नद्यांच्या काठाला पट्टे सोडू, एकरी किमान आठ झाडं उभी ठेवू, बदल्यात आम्हाला तोड करू द्या. आजही खात्याच्या बहुतेक कूपांची (तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यांची) आखणी या कराराच्या चौकटीत होते. माझ्या मते या पदावरून झालेला हा सर्वांत दूरगामी निर्णय, आणि त्यावर एकही निवडणूक गाजली नाही.

डग सदरलँड, रिपब्लिकन, पूर्वी टॅकोमाचे महापौर. २००० ला त्यांनी माजी गव्हर्नर माइक लॉरींना थोडक्यात हरवलं, २००४ ला पुन्हा आले. त्यांना पाडलं ते पावसाने. डिसेंबर २००७ च्या वादळात ल्युईस जिल्ह्यात डोंगर घसरले, चेहालिस नदीचं पाणी मुख्य महामार्गावर चढून रस्ता अनेक दिवस बंद राहिला. बोडक्या, तोड झालेल्या उतारावरून घसरलेल्या मातीचं छायाचित्र गाजलं. जमीन खासगी होती, पण तोडीची परवानगी खात्याची. तीन टोप्यांतली ही दुसरी टोपी. २००८ ला ते साधारण एका टक्क्याने गेले.

त्यांच्या शेवटच्या महिन्यात मॉरी बेटाजवळ खडी वाहून नेण्याच्या धक्क्यासाठी समुद्रतळाचा भाडेपट्टा झाला. जाता जाता केलेली सही नव्या आयुक्ताच्या गळ्यात पडते, हे कुठल्याही राज्यात खरं. २००९ ला केंद्रीय न्यायालयाने काम अडवलं आणि २०१० ला किंग जिल्ह्याने ती खाणीची जमीन ३.६ कोटी डॉलरला विकत घेऊन विषय संपवला.

पीटर गोल्डमार्क, डेमोक्रॅट, ओकनॉगनचे पशुपालक शेतकरी आणि रेण्वीय जीवशास्त्राचे डॉक्टरेट. २००६ ला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक हरले होते. सिएटलबाहेरचा, बूट घालून गोठ्यात फिरणारा डेमोक्रॅट मिळाला की सदरलँडसारखा जम बसलेला माणूसही पडतो, हे गणित २००८ ला जुळलं. २०१२ ला त्यांनी माजी फुटबॉलपटू क्लिंट डिडिएरना आरामात हरवलं.

त्यांचा एक खटला विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. ओकनॉगनच्या वीज मंडळाने शाळेच्या ठेव जमिनीवरून तारा नेण्याचा हक्क सक्तीने घेतला. खात्याला अपील करायचं होतं, पण राज्याचे ॲटर्नी जनरल रॉब मॅकेना, तेही निवडून आलेले आणि रिपब्लिकन, वकील द्यायला तयार नाहीत. गोल्डमार्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०११ ला जिंकले. आयुक्ताने मागितल्यावर ॲटर्नी जनरलने अपील केलंच पाहिजे. वकील मिळाला, अपील झालं आणि २०१५ ला मूळ दावा खातं हरलं. तारा गेल्या.

त्याच कारकिर्दीत मार्च २०१४ ला ओसोची दरड कोसळली, ४३ माणसं गेली. २०१५ च्या उन्हाळ्यात राज्यात दहा लाख एकरांहून जास्त जळलं, ट्विस्पजवळ तीन अग्निशामक मृत्युमुखी पडले. गोल्डमार्कनी तिसऱ्यांदा उभं राहायचं टाळलं.

हिलरी फ्रान्झ, डेमोक्रॅट. २०१६ ला नौदलातून निवृत्त स्टीव्ह मॅक्लॉफलिन यांच्याविरुद्ध सुमारे ५३ टक्के, २०२० ला याच क्यूल पेडरसनविरुद्ध सुमारे ५७. ऑगस्ट २०१७ ला सायप्रस बेटाजवळचा मत्स्यपिंजरा फुटला, परदेशी जातीचे अडीच लाखांच्या आसपास सामन मासे समुद्रात सुटले. पाण्याखालची जमीन खात्याची, म्हणून भाडेकरार रद्द करण्याचा अधिकारही खात्याचा. २०२२ च्या शेवटी फ्रान्झनी व्यापारी पिंजरे राज्याच्या पाण्यातून हद्दपार करण्याची घोषणा केली. २०२१ ला वणव्यांसाठी आठ वर्षांत ५० कोटी डॉलरची तरतूद विधिमंडळाकडून करून घेतली, तीही दोन्ही पक्षांच्या मतांनी. धूर सिएटलच्या खिडकीत पोचला की पक्ष आठवत नाही.

आणि डेव्ह अपथग्रोव्ह. आधी आमदार, मग किंग जिल्ह्याचे नगरसेवक म्हणता येतील असे सदस्य. २०१६ ला याच पदाच्या प्राथमिक फेरीत फ्रान्झच्या मागे पडले होते. २०२४ ला ४९ मतांनी वाचले आणि नोव्हेंबरला सुमारे ५३ टक्के घेऊन आले. हरेरा ब्युटलर बारा वर्षं काँग्रेसमध्ये होत्या, ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला मत देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी एक. त्यांच्याइतकं परिचित नाव समोर असूनही ऑगस्टमधलं डेमोक्रॅट बहुमत नोव्हेंबरमध्ये टिकलं. जानेवारी २०२५ ला सूत्रं घेताच अपथग्रोव्हनी जुन्या, नैसर्गिक वाढीच्या रानातल्या विक्री सहा महिने थांबवल्या आणि ऑगस्टमध्ये ७७,००० एकर असं रान राखण्याचं जाहीर केलं.

या पदावरून कुणी वर गेलं का? (वाचक, पणजी)

वॉशिंग्टनमध्ये नाही. फ्रान्झनी २०२३ ला गव्हर्नरपदाची तयारी केली, मग काँग्रेसकडे वळल्या आणि २०२४ च्या प्राथमिक फेरीत तिसऱ्या आल्या. टेक्ससमध्ये वेगळं आहे. तिथले डेव्हिड ड्युहर्स्ट जमीन आयुक्तपदावरून नायब गव्हर्नर झाले. पण जॉर्ज पी. बुश (हो, त्याच घराण्यातले) २०२२ ला ॲटर्नी जनरलच्या उमेदवारीत आपटले. वॉशिंग्टन, टेक्सस, न्यू मेक्सिको, आर्कन्सॉ आणि साउथ डकोटा या पाचच राज्यांत हे पद निवडून दिलं जातं.

तिथे उभ्या झाडांचा लिलाव कसा होतो? (लाकूड व्यावसायिक, बल्लारपूर)

तुमच्याकडे सागवान तोडून आगारात थप्प्या लावतात आणि मग बोली होते. तिथे बहुतेक वेळा झाड उभं असतानाच विकतात. वनपाल कूप आखतो, हद्दीच्या झाडांना फिती बांधतो, नमुना पट्ट्यांत घेर आणि उंची मोजून एकूण घनमान काढतो. एकक बोर्ड फूट: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. भाव हजार बोर्ड फुटांवर बोलला जातो. मग पर्यावरणाची तपासणी, जनतेच्या हरकती, मंडळाची मंजुरी आणि जाहीर लिलाव.

विक्री दोन प्रकारची. एकात रक्कम ठोक ठरते, लाकूड कमी निघालं तरी तुमचं नशीब. दुसऱ्यात गाडी भरल्यावर मोजून पैसे. ठोक विक्रीत घाटा होतो तो मोजदादीत, आतून पोकळ झालेल्या जुन्या देवदारामुळे, आणि रस्त्याच्या खर्चात, कारण कूपापर्यंतचा रस्ता बहुधा खरेदीदारालाच बांधायचा असतो. तोडीला साधारण दोन-तीन वर्षांची मुदत मिळते. भाव पडले तर करारातून सुटका नाही, स्कमेनिया आठवा. तोडीनंतर तीन वर्षांत पश्चिम भागात एकरी किमान १९० रोपं उभी दिसली पाहिजेत.

आम्ही बेलव्ह्यूला राहतो, दर शनिवारी टायगर माउंटनला जातो. व्हिसावर आहोत. या सगळ्यात आमचा काही आवाज? (वाचक, बेलव्ह्यू)

टायगर माउंटन आणि माउंट साय ही दोन्ही खात्याचीच. टायगरचा मोठा भाग चालतं जंगल आहे, म्हणजे तुमच्या पायवाटेशेजारचा उतार उद्या कूप म्हणून फितींनी आखलेला दिसू शकतो.

मत फक्त नागरिकांना. नागरिकत्व मिळालं असेल तर नोंदणी ऑनलाइन आठ दिवस आधीपर्यंत, प्रत्यक्ष जाऊन अगदी मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत. सही नीट, नेहमीची करा. तीच पुढे पाकिटावर ताडली जाईल. देणगीच्या बाबतीत जपून. ग्रीन कार्ड असलेल्यांना चालते, एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना कुठल्याही निवडणुकीला, अगदी स्थानिकही, देणगी देता येत नाही. मराठी मंडळाच्या भोजनाला पाच डॉलर दिले तरी पावती कुणाच्या नावाने फाटते ते वाचा.

बोलायला मात्र नागरिकत्व लागत नाही. प्रत्येक विक्रीच्या पर्यावरण तपासणीत लेखी हरकत कुणालाही घेता येते, आणि नैसर्गिक संपत्ती मंडळाच्या सभेत जनतेसाठी वेळ राखलेला असतो. सभा बहुतेक दर महिन्याला राज्याच्या राजधानीत, ऑलिम्पियात होते, दूरदृश्य पद्धतीनेही बोलता येतं. नाव आधी नोंदवा, विक्रीचं नाव सांगून बोला, ‘झाडं तोडू नका’ एवढंच म्हणालात तर कुणी मान वर करत नाही. आणि गाडीच्या काचेला डिस्कव्हर पास (राज्याच्या जागांवर गाडी लावायचा परवाना) लावायला विसरू नका. दंड त्या पासपेक्षा महाग पडतो.